आधी टायर की आधी सस्पेन्शन? जुन्या गाडीच्या अलाइनमेंटचा खर्च

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, गाडी बारा वर्षांची, पुढचे दोन्ही टायर आतल्या बाजूने झिजलेत, गाडी डावीकडे ओढते, आणि गॅरेजवाला म्हणतो चारही टायर नवीन टाका, अलाइनमेंट करून घ्या, टाय रॉड एंड (स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा टोकाचा जॉइंट) आणि लोअर आर्मचे बुश (चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्यातले रबरी तुकडे) ढिले आहेत पण ते पुढच्या वर्षी बघू. आता टायर ईएमआयवर घ्यावेत का इमर्जन्सी फंड मोडावा, की गाडीच काढून टाकावी, हे तुम्ही विचारलंय.

पैसे कुठून काढायचे हे नंतर बघू, आधी हा सगळा खर्च उलट्या क्रमाने होतोय तो थांबवा.

अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन मोजून कंपनीने दिलेल्या मापात आणणं. मोजताना गाडी उभी असते. जॉइंटमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर मशीनवर आकडे छान दिसतात आणि बाहेर पडल्यावर ब्रेक मारला, खड्डा आला की चाक परत हललेलं असतं. शिवाय टाय रॉड एंड बदलला की टो (वरून पाहिल्यावर चाकं पुढून किती आत किंवा बाहेर वळलीत तो कोन) बदलतोच, म्हणजे पुढच्या वर्षी ते काम केलंत की अलाइनमेंटचे पैसे दुसऱ्यांदा द्यायचेच आहेत. आणि मधल्या काळात नवे टायर झिजणार ते वेगळं. एक चाक अर्धा अंश जरी तिरकं राहिलं तरी किलोमीटरमागे जवळपास ९ मीटर ते आडवं घासलं जातं, ५,००० किलोमीटर चालवलीत तर हे ४० किलोमीटरच्या वर जातं! समजा ४०,००० किलोमीटर चालणारा टायर १५,००० मध्येच संपला, तर किलोमीटरमागचा टायरचा खर्च अडीचपटीहून जास्त झाला, आणि हे कुठल्याच बिलात लिहून येत नाही.

म्हणून आधी ढिले पार्ट, मग टायर, सगळ्यात शेवटी अलाइनमेंट. पण टायरचं एकदा नीट बघून घ्या, आतल्या कडेला तारा दिसत असतील किंवा खाच १.६ मिमीच्या खाली गेली असेल तर थांबायचं नाही, पुढचे दोन त्याच कामात बदला, मागचे चांगले असतील तर ते नंतर बदलता येतात. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा, तेही वाचा, कारण खाच शिल्लक असली तरी रबर जुनं होऊन तडे जातात.

पार्ट खरंच गेलाय का हे स्वतः उभं राहून बघा. पुढचं चाक जॅकवर घेऊन मेकॅनिकला ते डावी-उजवीकडून धरून हलवायला सांगा, तिथे खडखड लागली तर बहुतेक टाय रॉड, वर-खाली धरून हललं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. गाडी ओढण्याचं कारण हवा कमी असणं, टायरच मुळात एका बाजूला ओढणारा असणं किंवा एका बाजूचा ब्रेक धरून राहणं हेही असू शकतं, त्यामुळे हवा बरोबर भरून, पुढचे टायर डावे-उजवे बदलून आधी एक चक्कर मारा (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र ही अदलाबदल नको). वेगात स्टिअरिंग थरथरत असेल तर तो बहुतेक वेळा बॅलन्सिंगचा, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं करण्याचा, विषय, त्यासाठी अलाइनमेंटचे पैसे देऊ नका.

अलाइनमेंटला जाण्याआधी डिकीतलं जड सामान काढा. जुन्या गाडीत टाय रॉडचे लॉक नट गंजून जाम होतात, आदल्या दिवशी त्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवायला सांगा, नाहीतर गरम करून सोडवणं किंवा अख्खा रॉड बदलणं हा खर्च ऐनवेळी अंगावर येतो. तुमच्या गाडीत कुठले कोन अॅडजस्ट होतात हेही विचारा, बऱ्याच छोट्या गाड्यांत फक्त पुढचा टो होतो, मग चारही चाकांच्या अलाइनमेंटचे जास्त पैसे का द्यायचे ते त्यांनी सांगावं. आधीचं आणि नंतरचं, दोन्ही प्रिंटआउट घ्या.

आता पैसे. रोज कामावर तुम्ही याच गाडीने जाता, स्टिअरिंगचा जॉइंट ढिला आहे, मला तरी ही खरीखुरी इमर्जन्सी वाटते, तेवढ्यासाठी फंडाला हात लावा आणि पुढच्या तीन-चार महिन्यांत तो परत भरा. टायरसाठी ईएमआय नको, एकदा त्यावर व्याज लागलं की पुढच्या दुरुस्तीलाही तोच रस्ता सोपा वाटायला लागतो. गाडी विकायची का हे ठरवताना दुरुस्तीचं बिल गाडीच्या आजच्या किमतीशी जोडून बघू नका, ते दुसऱ्या गाडीच्या वर्षभराच्या हप्त्यांशी आणि इन्शुरन्सशी जोडून बघा. बहुतेक वेळा दुरुस्ती परवडते. फक्त सस्पेन्शन जिथे बॉडीला बसतं तिथेच गंजून पोकळ झालं असेल, तर एक पैसाही घालू नका, मग खुशाल विका, पण घेणाऱ्याला तसं स्पष्ट सांगून.

गॅरेजकडून जॉइंट, टायर, अलाइनमेंट असे तीन वेगळे आकडे लिहून आणा आणि महिन्याला किती किलोमीटर चालवता तेही कळवा, मग मागच्या टायरसाठी दर महिन्याला किती बाजूला काढायचे ते बसवू.