भूतानशी विजेचं जमलं, मग नेपाळबरोबरचं पंचेश्वर धरण का अडलं?

तुमचा प्रश्न असा, की भूतानबरोबर भारताचे जलविद्युत प्रकल्प उभे राहिले, मग नेपाळबरोबरचं पंचेश्वर इतकी वर्षं कागदावरच का? मी कर्नाटकातल्या चिक्कोडी तालुक्यातला, कृष्णाकाठचा ऊसवाला. परराष्ट्र धोरण हा माझा प्रांत नाही. पण वरच्याच्या हातात धरण आणि खालच्याच्या हातात नुसती मोटार असली की काय होतं, ते दर उन्हाळ्यात बघतो.

भूतानमध्ये पाण्यावरून भांडायला फारशी जागाच नव्हती. चुखा (३३६ मेगावॉट) काय किंवा ताला (१,०२० मेगावॉट) काय, नदी बोगद्यातून वळवायची, जनित्रं फिरवायची आणि पाणी परत नदीला द्यायचं. मोठा साठा नाही. चुखाला पैसा भारताचा, ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज. भूतानला वापरून उरलेल्या विजेला गिऱ्हाईकही भारतच. वीज मीटरवर मोजता येते, बिल निघतं. तिथंही सगळं गोड नाही म्हणा. पुनात्सांगछू-१ ला डोंगर खचला आणि काम वर्षानुवर्षं रखडलं.

पंचेश्वरची गोष्ट साठ्याची आहे. नदी महाकाली, भारत-नेपाळ सीमेवरची; खाली भारतात तिलाच शारदा म्हणतात. १९९६ चा महाकाली करार, तीनशे मीटरहून उंच धरण, आणि सविस्तर अहवाल म्हणे सहा महिन्यांत करायचा होता! वीज निम्मी-निम्मी वाटून घेता येईल. पण साठवलेलं पाणी उन्हाळ्यात सोडलं की भिजणार मुख्यतः खालची, भारतातली शेतं. नेपाळ म्हणतो, त्या फायद्याची किंमत धरा. भारत म्हणतो, शारदेच्या खालच्या कालव्यांचा आधीपासूनचा वापर आधी मान्य करा. घोडं तिथंच पेंड खातंय.

हे मला का पटतं सांगतो. आमच्या वरच्या अंगाला, महाराष्ट्रात, कोयना धरण १०५ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी). त्यातलं ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी वर्षाला वीज करून पश्चिमेला सोडायची मुभा कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं महाराष्ट्राला दिली. ते वाशिष्ठीतून समुद्राला जातं, आमच्याकडे येत नाही. एका मे महिन्यात कल्लोळ-येडूर बंधाऱ्याच्या अंगाला मी तीनदा पाइप वाढवला. चौथ्या दिवशी सकाळी बघतो तर फुटबॉल (मोटारीच्या पाइपाच्या तळाच्या फूटव्हॉल्व्हला आम्ही हेच म्हणतो) गाळात उघडा, त्यावर खेकडा बसलेला. तेव्हा बेंगळुरूहून मुंबईला पत्र जातं, कोयना-वारणेतून दोन-तीन टीएमसी सोडा म्हणून. मुंबईहून उलट मागणी होते, बदल्यात आमच्या दुष्काळी जत तालुक्याला पाणी द्या. दोन्हीकडचं म्हणणं खोटं नाही, पण तोवर वळीव येऊन जातो.

आणि ऑगस्टमध्ये हाच बंधारा पाण्याखाली असतो. तेव्हा वरचे सांगलीकर खालच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या नावानं बोटं मोडतात, त्याच्या फुगवट्यानं पूर येतो म्हणून. २०१९ च्या पुरानंतर आम्ही तीन आकडे बघायला शिकलो: कोयनेतून किती सुटलं, सीमेजवळच्या राजापूर बंधाऱ्यावर किती आलं, अलमट्टीतून किती गेलं. हे वेळेवर कळले तर जनावरं रात्री अंधारात नाही, दुपारीच वर नेता येतात. लवादाच्या निवाड्याइतकंच मला हे महत्त्वाचं वाटतं.

नेपाळशीही काहीच जमत नाही असं नाही. पावसाळ्यात जास्तीची वीज तो भारताला विकतो, हिवाळ्यात नद्या आटल्या की विकत घेतो. २०२४ मध्ये तर भारताच्या तारांवरून बांगलादेशला ४० मेगावॉट द्यायचं तिघांनी ठरवलं. त्यात एक थेंबही कुणाला अडवून धरायचा नव्हता.