प्रोटीन एस कमी आलंय, पण रक्त कधी घेतलं होतं?

दादा, बहिणीला बाळंतपणानंतर वीस दिवसांनी मेंदूच्या शिरेत गुठळी झाली, आता असिट्रोम (रक्त पातळ ठेवायची गोळी) चालू आहे आणि रिपोर्टमध्ये प्रोटीन एस (गुठळ्या होऊ न देणारं रक्तातलं प्रोटीन) ३२ टक्के, तर हा जन्मजात दोष आहे का आणि गोळी आयुष्यभर घ्यायची का, हे तुम्ही विचारलंत. मी याच सगळ्यातून गेलेय म्हणून सविस्तर लिहिते.

आधी फाइल काढा आणि बघा, रक्त कुठल्या तारखेला घेतलं आणि त्या दिवशी कुठलं औषध चालू होतं. गुठळी होताना प्रोटीन सी, एस आणि अँटिथ्रॉम्बिन ही गुठळी रोखणारी प्रोटीनं खर्ची पडतात, रक्त पातळ करायच्या हेपरिनच्या इंजेक्शनने अँटिथ्रॉम्बिन खाली जातं, आणि प्रोटीन सी, एस बनायला व्हिटॅमिन के लागतं, जे असिट्रोम आणि तशीच वॉर्फरिन ही गोळी अडवतात, म्हणजे गोळी चालू असताना ती कमी येणारच. त्यात गरोदरपणात आणि नंतर काही आठवडे प्रोटीन एस तसंही कमीच असतं. त्या ३२ वरून काहीच ठरत नाही हो.

माझं रक्त अ‍ॅडमिट झाल्यावर चौथ्याच दिवशी घेतलं होतं. रिपोर्ट बघून सासरी "हिच्या माहेरचं रक्तच तसं" इथपर्यंत बोलणी झाली, मी रात्र रात्र रडलेय. खरं तर गौरींसाठी मी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या आणि हे मला कोणी विचारलंच नाही, मीही सांगितलं नाही. कृपा करून सगळ्या बायकांनी हे डॉक्टरांना आपणहून सांगा. पुढे कोर्स संपल्यावर, डॉक्टरांनीच गोळी बंद केल्यावर महिन्याभराने परत टेस्ट केली तर प्रोटीन एस नॉर्मल! सापडलं ते वेगळंच, होमोसिस्टीन (बी१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा, गुठळीशी जोडला जाणारा घटक) वाढलेलं आणि बी१२ तळाला, आम्ही पक्के शाकाहारी.

अजून एक, या टेस्टला निळ्या बुचाची ट्यूब असते, ती खुणेपर्यंत भरलीच पाहिजे, अर्धवट भरली तर आकडे चुकतात. मी तर ट्यूब भरताना बघत बसायचे.

तुम्ही खरा जोर लावायचा तो अँटिफॉस्फोलिपिडच्या (शरीरातच बनणाऱ्या, गुठळ्या करवणाऱ्या अँटिबॉडींच्या) टेस्टवर, म्हणजे ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, कार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन. पॉझिटिव्ह आली तर किमान १२ आठवड्यांनी परत करायची, दोन्हीदा आली तरच धरायची, कारण त्यावर गोळी कुठली आणि किती वर्षं हे बदलतं. ल्युपसवाली हेपरिन किंवा रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्या चालू असताना फसवी येऊ शकते, तेव्हा लॅबला औषधाचं नाव लिहूनच द्या. फॅक्टर फाइव्ह लायडन वगैरे जन्मजात दोषांच्या जीनच्या टेस्ट कधीही चालतात, गोळीने त्यात फरक पडत नाही.

आणि टेस्टसाठी म्हणून असिट्रोम स्वतःहून एक दिवससुद्धा बंद करू नका. बाळंतपणासारखं ठळक कारण असेल तर बहुतेकदा तीन ते सहा महिनेच गोळी देतात, तोवर आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा आकडा) २ ते ३ मध्ये ठेवायचा. तुमची स्वतःची टेस्ट आत्ता नको, तिची रिपीट येऊ दे.

बाळ लहान आहे, घरात पाळणा लांबवायचा विषय निघेलच, तेव्हा इस्ट्रोजेनवाली गोळी तिला अजिबात नको, कॉपर टी बद्दल विचारा. आणि पुढच्या वेळी दिवस राहायच्या आधीच हिमॅटॉलॉजिस्टना (रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांना) भेटा, नंतर नाही.