ओडी, बीडी, एचएस आणि टोंगळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या जीएनएम या नर्सिंग अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: केसपेपरवरच्या ओडी, बीडी, टीडीएस, एचएस, एसओएस या अक्षरांचं मूळ काय, ती लक्षात कशी ठेवावीत, आणि रुग्ण ‘टोंगळा’, ‘काळीज’, ‘पित्त’ म्हणतो तेव्हा नोंदीत काय लिहायचं?

ही अक्षरं इंग्रजी समजून पाठ केली की घोटाळा होतो. त्यातली बहुतेक लॅटिन आहेत, आणि लॅटिन व संस्कृत या एकाच घराण्यातल्या भाषा. त्यामुळे मराठी माणसाला ती वाटतात तेवढी परकी नाहीत. बीडी म्हणजे ‘बिस दिए’, दिवसातून दोनदा. यातलं ‘बिस’ आणि संस्कृत ‘द्विस्’ ही भावंडं, आणि ‘दिए’चं नातं आपल्या ‘दिवसा’शी. टीडीएस म्हणजे ‘तेर दिए सुमेंदुम’, दिवसातून तीनदा घ्यावयाचे. ‘तेर’ आणि ‘त्रिस्’ शेजारी ठेवून पाहा. क्यूआयडीतलं ‘क्वातेर’ म्हणजे ‘चतुस्’, चारदा. एचएस म्हणजे ‘होरा सोम्नी’, झोपेची वेळ. ‘सोम्नुस’ आणि ‘स्वप्न’ एकाच मुळाचे, आणि संस्कृतात ‘स्वप्न’चा एक अर्थ झोप असाच आहे. एनपीओ म्हणजे ‘निल पेर ओस’, तोंडाने काही नाही; ‘ओस’चा संस्कृत भाऊ ‘आस्य’, म्हणजे तोंड. वॉर्डात याच अर्थाने एनबीएमही लिहितात, ते मात्र इंग्रजी. उरलेली झटपट: ओडी ‘ओम्नी दिए’, रोज एकदा, एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर, स्टॅट ताबडतोब, एसओएस ‘सी ओपुस सित’, गरज पडली तर. जहाजांच्या धोक्याच्या संदेशाशी या एसओएसचा काही संबंध नाही.

खरी अडचण पाठांतराची नाहीच. एकच जोडी दोन ठिकाणी दोन अर्थांची असते, तिथे चूक होते. डोळ्यांच्या चिठ्ठीवर ओडी म्हणजे ‘ओकुलुस देक्सतेर’, उजवा डोळा (‘अक्षि’ आणि ‘दक्षिण’ आठवा), आणि ओएस म्हणजे डावा. ‘थेंब ओडी’ एवढंच लिहिलं असेल तर ते रोज एकदा की उजव्या डोळ्यात, हे विचारल्याशिवाय थेंब टाकू नका. टीपीआर चार्टवर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास यांच्या तक्त्यावर, पीआर म्हणजे नाडीचे ठोके, औषधाच्या ओळीत पीआर म्हणजे गुदद्वारातून. इंजेक्शनच्या रकान्यात एससी म्हणजे त्वचेखाली, तर अहवालाच्या मथळ्यात तेच आरोग्य उपकेंद्र. आपल्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी गावोगाव होते, तिथे एएस म्हणजे वाहक आणि एसएस म्हणजे आजार असलेला रुग्ण. कानाच्या चिठ्ठीवर तेच एएस डावा कान होतं, आणि जुन्या पद्धतीच्या चिठ्ठीत एसएस म्हणजे अर्धा. म्हणून सिकलचा निकाल लिहिताना ‘सिकलसेल एएस, वाहक’ असं पूर्णच लिहावं. आई-वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळ एसएस असण्याची शक्यता 25 टक्के असते. एवढी मोठी गोष्ट दोन अक्षरांवर सोडायची नाही.

आकड्यांजवळची अक्षरं त्याहून घातक. इन्सुलिनच्या ‘युनिट’साठी नुसतं इंग्रजी यू लिहिलं की घाईत ते शून्य दिसतं आणि 4 चे 40 होतात. युनिट हा शब्द पूर्ण लिहा. आपल्याकडच्या बऱ्याच इन्सुलिन कुप्या 1 मिलीत 40 युनिटच्या असतात, काही 100 च्या, आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. 100 ची कुपी आणि 40 ची सिरिंज अशी गाठ पडली तर 20 च्या खुणेपर्यंत 0.5 मिली भरतं, म्हणजे 20 ऐवजी 50 युनिट जातात आणि रुग्णाची साखर धोकादायक उतरते. उलट गाठ पडली तर 20 ऐवजी 8 च युनिट जातात. कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे का, हे भरण्याआधी मोठ्याने वाचावं. मायक्रोग्रॅमचं चिन्ह मिलिग्रॅमसारखं वाचलं गेलं तर डोस हजारपट होतो. 1 मिग्रॅ ‘1.0’ असं लिहू नये, टिंब पुसट झालं की दहा होतात. आणि अर्धा ‘.5’ नव्हे, ‘0.5’ लिहावा.

मॅग्नेशियम सल्फेटचंही तसंच. त्याच्या रासायनिक अक्षरांचा मॉर्फिन सल्फेटच्या आद्याक्षरांशी घोळ होऊ शकतो. झटके आलेल्या गरोदर बाईला वरच्या दवाखान्यात पाठवण्याआधीचा पहिला डोस प्रत्येक कुल्ल्यात 5 ग्रॅम, स्नायूत खोल असा असतो. 50 टक्क्यांच्या 2 मिली अँप्यूलमध्ये 1 ग्रॅम, म्हणजे एका बाजूला 5 अँप्यूल, 10 मिली. रेफरल चिठ्ठीवर औषधाचं पूर्ण नाव, ग्रॅम आणि वेळ लिहा, नाहीतर पुढच्या ठिकाणी पुन्हा पहिलाच डोस दिला जाईल.

आता रुग्णाला सांगण्याबद्दल. त्याला ‘बीडी’ सांगून काही कळत नाही, आणि ‘दिवसातून दोनदा’ सांगूनही काम अर्धंच होतं. कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटे भाकरी बांधून निघालेली बाई नीट जेवते ती दोनदाच. तिला ‘तीनदा जेवणानंतर’ सांगितलं तर अँटिबायोटिकचे दोनच डोस पोटात जातात. म्हणून आधी विचारा, ‘माय, किती वाजता जेवता?’ मग घड्याळ सांगा: सकाळी 6, दुपारी 2, रात्री 10. एचएसची गोळी जागलीला, म्हणजे रात्री शेत राखायला, जाणाऱ्या शेतकऱ्याला ‘झोपताना घ्या’ असं सांगायचं नाही. तो झोपतो पहाटे, किंवा मचाणावर डुलकी घेतो. झोप आणणारी गोळी असेल तर ही अडचण डॉक्टरांना सांगा आणि वेळ ठरवून घ्या. एसओएससोबत तीन गोष्टी हव्यातच: कशासाठी, किती अंतराने, दिवसाला जास्तीत जास्त किती. पॅरासिटामॉल 500 असेल तर ‘ताप आला तरच, दोन गोळ्यांत सहा तास जाऊ द्या’, आणि दिवसाची मर्यादा डॉक्टरांकडून लिहून घ्या. गरोदर बाईच्या कॅल्शियमवर बीडी आणि लोहाच्या गोळीवर ओडी असलं तरी दोन्ही एकत्र घेऊ नयेत, मध्ये दोन तास हवेत. हे ‘ओडी’ आणि ‘बीडी’ सांगत नाहीत, तुम्हालाच सांगावं लागतं.

राहिले शरीराचे शब्द. टोंगळा म्हणजे गुडघा. तक्रारीच्या रकान्यात रुग्णाचा शब्द तसाच ठेवा, ‘टोंगळ्यात कळ मारते’, आणि तपासणीच्या रकान्यात ‘उजवा गुडघा, सूज’ लिहा. उजवा-डावा नेहमी रुग्णाचा, आपल्या समोरून दिसणारा नाही. ‘पाय सुजला’ म्हटल्यावर हात लावून पाहा, कारण मराठीत पाय कमरेपासून बोटांपर्यंत असतो: तळपाय, घोटा, पोटरी की मांडी? ‘काळजात दुखते’ म्हणजे बहुधा छातीत. मटणाच्या दुकानातली कलेजी मात्र यकृत, म्हणून नोंदीत ‘छातीत दुखणे’ लिहून बोट कुठे ठेवलं तेही लिहा, डावीकडे, मधोमध की बरगड्यांच्या खाली. ‘पित्त झालं’ यात रुग्णाला बहुतेक वेळा जठरातल्या आम्लाची जळजळ म्हणायची असते. खरं पित्त यकृतात तयार होतं आणि पित्ताशयात फक्त साठतं. परीक्षेत ‘पित्त कुठे तयार होतं’ याला पित्ताशय लिहिलं की गुण गेले. आणि जळजळ म्हणणाऱ्याला घाम, धाप किंवा डाव्या हातात कळ असेल तर ‘पित्त’ लिहून थांबू नका, डॉक्टरांना तेव्हाच बोलवा. त्या ओळीवर स्टॅट हाच शब्द शोभतो.