पॉडमध्ये सहा, रांगेत सहाशे

प्रश्न : काका, मी रोज सकाळी कुर्ल्याला उतरून बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) ऑफिसात जाते. शेअर रिक्षाच्या रांगेतच वीस मिनिटं जातात. आता तिथे पॉड टॅक्सी येणार म्हणतात. ड्रायव्हर नाही, धूर नाही. ती चालते कशी? आणि माझी रांग सुटेल का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : चालते कशी, ते आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. लेकीकडे इंग्लंडला गेलो होतो तेव्हा हीथ्रो विमानतळावरच्या पॉडमध्ये मुद्दाम बसून आलो. टर्मिनल 5 ते पार्किंग असा 3.8 किलोमीटरचा मार्ग, 21 पॉड, 2011 साली सुरू झालेले. स्टेशनात पडद्यावर बोटाने ठिकाण निवडायचं, समोरचं दार उघडतं, बसायचं. आमच्या सौभाग्यवतींनी पुढे बघून विचारलं, "अहो, चालवतं कोण?" मी उत्तर जुळवेपर्यंत आम्ही वळणावर होतो.

खाली रूळ नसतो, रबरी टायर असतात. काँक्रीटच्या मार्गाला दोन्ही बाजूंनी बुटका कठडा आणि पॉडवरचा लेझर त्या कठड्यापासूनचं अंतर सारखं मोजत असतो. वर मध्यवर्ती संगणक. पुढचा तुकडा मोकळा नसेल तर पॉड आपोआप थांबतो. मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात 34 वर्षं काढली. मार्गाचे तुकडे पाडायचे आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी सोडायची, या आमच्या ब्लॉक पद्धतीचाच हा धाकटा भाऊ. खरी हुशारी स्टेशनात आहे. ते मुख्य मार्गावर नसून बाजूच्या लूपवर असतं. एक पॉड माणसं घेत उभा असताना मागचा न थांबता पुढे जातो.

आता रांग. वांद्रे ते कुर्ला दरम्यानच्या ज्या प्रकल्पाला एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) 2024 मध्ये मंजुरी दिली, तो 8.85 किलोमीटरचा, 38 स्टेशनांचा, एका पॉडमध्ये 6 माणसांचा. समजा दर 15 सेकंदांना एक पॉड सुटला. तासाला 240 पॉड. प्रत्येक ठासून भरला, कुणी छत्री वाळवत दारात उभं राहिलं नाही, तरी एका दिशेला 1440 माणसं. सकाळी गर्दीच्या वेळी तुमची एक बारा डब्यांची लोकल चार-पाच हजार माणसं घेऊन धावत असते. त्यातले दहातले दोन जरी बीकेसीचे निघाले तरी अर्ध्याहून अधिक तास त्या एका गाडीच्याच माणसांत संपला. पाठोपाठ पुढची लोकल आलेलीच.

शिवाय सकाळी सगळे एकाच दिशेला जाणार. म्हणजे परतीला पॉड रिकामे धावणार आणि वीज त्यांनाही लागणारच. 'धूर नाही' हे खरं, पण रिकाम्या खुर्च्या फिरवण्याचा खर्च हिशेबात धरा.

हे नवं दुखणं नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या मॉर्गनटाउन गावात विद्यापीठाच्या पोरांसाठी 1975 पासून बिनड्रायव्हरच्या गाड्या धावतात. स्टेशनं फक्त पाच, गाडीत वीसेक जण मावतात. एरवी बटण दाबलं की थेट आपल्या स्टेशनला. पण गर्दीच्या तासांना तीच यंत्रणा ठरलेल्या वेळापत्रकाने गाड्या सोडते, अगदी आपल्या बससारखी. बटणाची चैन गर्दीपुढे टिकत नाही, हे त्यांनी कधीच ओळखलंय.

तेव्हा तुमची सकाळची रांग पॉड सोडवेल असं मला वाटत नाही. तिथे मोठी बस हवी, आणि तिला स्वतःची मोकळी लेन हवी. दुपारी तीनला बीकेसीतच एका इमारतीतून दुसरीकडे मीटिंगला जायचं असेल, तर मात्र पॉडसारखं वाहन नाही. त्यासाठी मी खुशाल तिकीट काढेन.

प्रश्न : जुलैच्या पावसात बंद पडेल का? – एक वाचक, सायन

उत्तर : मार्ग उंचावर असतो, त्यामुळे वर पाणी साचायची भीती कमी. मॉर्गनटाउनला बर्फ पडतो म्हणून मार्गाखालून गरम द्रवाच्या नळ्या फिरवल्यात. तिथवर जायची आपल्याला गरज नाही. माझी काळजी जिन्याच्या खालच्या पायरीची आहे. तिथे गुडघाभर पाणी असेल तर वरचा पॉड कितीही कोरडा असून काय उपयोग?

डोंबिवलीच्या ताईंना एक काम सांगतो. सेवा सुरू झाली की पहिल्या सोमवारी, सकाळी सव्वानऊला कुर्ल्याच्या बाजूला उभ्या राहा आणि कितव्या पॉडमध्ये जागा मिळाली ते मोजून मला कळवा.