विहिरीत रानजनावर पडलं तर वनविभागाची गाडी येईपर्यंत गावकऱ्यांनी काय करावं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याच्या हद्दीजवळ तुम्ही वावर (शेत) घेतलंय, त्यात एक चालू आणि एक पडकी अशा दोन विहिरी आहेत, आणि मागच्या आठवड्यात शेजाऱ्याच्या विहिरीत रोही (नीलगाय) पडला, असं तुम्ही लिहिलंय. गाडी येईपर्यंत काय करायचं आणि रोही-डुकरांपासून पीक कसं राखायचं, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

आधी एकच सांगतो. गळ्यात फास टाकून ओढू नका. मी ओढलंय.

२०१४ चा जानेवारी होता. रात्री कुत्र्यांनी रोह्यांचा कळप पिटाळला आणि त्यातली एक मादी आमच्या हरभऱ्यातल्या विहिरीत गेली. सकाळी ओलीत करायला गेलो तर पाण्यावर फक्त नाकपुड्या आणि कान. वनरक्षकाला फोन केला. तो म्हणाला, पथक दुसऱ्या कामावर आहे, तीन तास लागतील, तोवर हात लावू नका. तो बरोबर बोलत होता. पण ती गोल गोल पोहत होती, मधेच बुडून वर येत होती, आणि तीन तास हे नुसतं बघत बसायचं हे मला जमेना. तोवर अर्धं गाव काठावर जमलं होतं. मोबाइल निघाले, पोरं ओरडायला लागली. आम्ही चौदा जणांनी तिच्या गळ्यात आणि मागच्या पायात दोर अडकवून तिला वर ओढलं. वर आल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

ती उभी राहिली नाही. मान टाकली, अंग ताठ झालं, लघवी चहासारखी काळपट आली. चाळीस मिनिटांत बाभळीखाली गेली. पथकासोबत आलेल्या जनावरांच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं. हरणं, रोही ही जनावरं भीतीनं आणि झटापटीनं मरतात. जीव तोडून धडपडताना स्नायू फाटतात, त्यातलं विष रक्तात उतरतं, मूत्रपिंड आणि हृदय बंद पडतं. कधी तासाभरात, कधी दोन-तीन दिवसांनी, जंगलात सोडून आल्यावर. म्हणजे वर काढलं की वाचलं, असं समजायचं नाही.

मग तीन तास काय करायचं? मोटारीचा फ्यूज काढा, आधी तेच. १९२६ हा वनविभागाचा टोल फ्री नंबर, त्यावर फोन करा. जनावराला टेकायला काहीतरी द्या: बाजेच्या (खाटेच्या) चारही पायांना दोर बांधून ती पाण्याच्या पातळीला सोडा, नाहीतर ओंडके, बांबूचा भारा. त्या दिवशी आमच्या घरात दोन बाजा होत्या आणि चौदा माणसांत एकालाही ते सुचलं नाही. मग माणसं हटवा. काठावर दोघंच ठेवा, तेही गप्प. खाली कोणी उतरायचं नाही. पुढं एकदा आमच्याच शिवारातल्या दुसऱ्या एका विहिरीत बिबट पडला, तेव्हा आम्ही हेच केलं. तो दिवसभर बाजेवर बसून होता. अंधार पडल्यावर पथकानं तिरपी शिडी सोडली, सगळ्यांना लांब नेलं, आणि तो आपला आपण वर येऊन निघून गेला. कोणाच्या मोबाइलमध्ये काही आलं नाही. मला तेच बरं वाटलं.

पण तुम्ही विचारलेलं नाही ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. विहिरीला कठडा का नाही?

रोही मेली त्या संध्याकाळी मी मोठ्या भावाला म्हटलं, कठडा बांधू. ते म्हणाले, "इहीर आपली हाय, जनावर सरकारचं हाय. आपन कायले पैसे घालाचे?" यावरून आमच्यात दोन वर्षं बोलणं तुटक होतं. शेवटी २०१६ मध्ये मी माझ्या वाट्याच्या कापसाच्या पैशातून चार फुटांचा कठडा बांधला. ते आजही म्हणतात, पैसा मातीत गेला. त्यानंतर आमच्या विहिरीत काही पडलेलं नाही. त्याच शिवारातल्या उघड्या विहिरींत तो बिबट पडला, डुकरं पडली, आणि एकाची गाभण गाय पडली, ती तर सरकारची नव्हती.

आणि जनावर सरकारचं म्हणजे काय? रोही काही रोज अभयारण्यातून चालून येत नाही. त्याला दाट जंगल नकोच असतं, तो झुडपी रानात आणि आपल्या धुऱ्यांवरच राहतो. वाघसुद्धा हद्द पाळत नाही. २०१९ मध्ये याच टिपेश्वरचा सी-वन हा तरणा वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला, तेलंगणात शिरला, परत आला आणि वर्षअखेरीस बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सगळी भटकंती मिळून ३,००० किलोमीटरच्या वर भरली, त्यातली कितीतरी शेताशेतातून. त्याच्या वाटेत रात्रीच्या किती उघड्या विहिरी आल्या असतील, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. गुजरातमध्ये सिंह बुडायला लागले तेव्हा गीरच्या भोवती हजारो विहिरींना कठडे बांधले गेले. आपल्याकडे ते व्हायला काय अडचण आहे?

पीक राखण्याबद्दल थोडक्यात: सौर झटका मशीन (कुंपणाच्या तारेत जीव न घेणारा हलका झटका सोडणारं यंत्र) लावा, जागल करा. खांबावरचा करंट तारेत सोडू नका, त्यात वाघही मेलेत आणि शेतकरीही. भावाचा राग खोटा नाही, हेही लिहायला हवं. थंडीत रात्र रात्र माळ्यावर काढूनही एका पहाटे कळप अर्धा हरभरा साफ करून जातो, ते त्यांनी सोसलंय. पण त्याचा कठड्याशी काही संबंध नाही.

कठड्यानं सगळं थांबतं असंही नाही. घोरपड, मुंगूस, साप पडतातच, त्यांच्यासाठी आत एक तिरपा बांबू कायम सोडून ठेवा. आणि आत वाघ, बिबट किंवा अस्वल असेल तर बाज सोडण्याआधीही वनरक्षकाला फोनवर विचारा. शिडी तुम्ही लावायची नाही, ते पथकाचं काम.

तुमच्या दोन विहिरींपैकी पडकी आधी बांधा, आणि मृगाच्या आत बांधा. चालू विहिरीवर निदान माणसांचा वावर असतो. पडकीच्या काठावर पोळ्यापर्यंत कमरेएवढं गवत येतं आणि मग तिचं तोंड दिवसाही दिसत नाही.