पाढा आला नाही म्हणून मुलगी मैदानावर होती

प्रश्न : आमच्या वाडीत जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची दोनशिक्षकी शाळा आहे. मुलगी तिसरीत. सातचा पाढा आला नाही म्हणून गणिताच्या तासाला गुरुजींनी तिला आणि आणखी दोघांना ‘पाठ झाल्याशिवाय आत यायचं नाही’ म्हणून बाहेर काढलं. मुलं मैदानावर गेली. घसरगुंडीच्या शिडीची एक पायरी गंजून सुटलेली होती. मुलगी वरून पडली, डाव्या कोपराचं हाड मोडलं, तारा घालाव्या लागल्या. खाजगी दवाखान्यात ५८ हजार खर्च झाला. चार दिवसांनी मुख्याध्यापक पाच हजार रुपये आणि टाईप केलेला कागद घेऊन घरी आले. ‘अपघात मुलीच्या खोडकरपणामुळे झाला, आमची शाळेविरुद्ध काही तक्रार नाही’ असं त्यात लिहिलंय. मिस्टर पुण्याला कंपनीत असतात. सासरे म्हणतात, सही करून टाक, धाकट्याला पुढच्या वर्षी त्याच शाळेत घालायचंय. सही केली नाही तर मुलीला नापास करतील, दाखला हातात देतील, अशी भीती वाटते. काय करू?

उत्तर : ताई, पहिली गोष्ट म्हणजे सही करू नका. केली असती तरी सगळं संपलं नसतं. मुलीचा भरपाई मागण्याचा हक्क अशा एका ओळीने बुडत नाही आणि गुन्हा घडला असेल तर घरगुती कागदाने तो मिटत नाही. पण उद्या चौकशीत तोच कागद तुमच्यापुढे ठेवून ‘आईनेच लिहून दिलंय’ असं म्हणतील. पाच हजार रुपये मदत म्हणून देत असतील तर ‘उपचारासाठी मदत मिळाली’ एवढीच पावती द्या. त्याच्या बदल्यात कागदावर सही मागत असतील, तर पैसेही परत करा.

शाळेचा सगळा रोख ‘ती घसरगुंडीवर का चढली’ यावर आहे. आठ वर्षांचं पोर घसरगुंडीवर चढणारच, ती चढण्यासाठीच असते. तुम्ही विचारायचं ते वेगळंच : गणिताचा तास चालू असताना मुलगी मैदानावर होतीच कशी? तिला तिथे शिक्षेने पाठवलं आणि लक्ष ठेवायला कोणी नव्हतं. तुमच्या पत्रात हे दोन विषय वेगवेगळे आलेत, पाढ्याची शिक्षा आणि तुटकी पायरी. तक्रारीत ते एकाच ओळीत आले पाहिजेत, कारण पहिल्यामुळे दुसरं घडलं.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा, २००९ यातलं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला मनाई करतं. छडी उगारली नाही म्हणून गुरुजी सुटत नाहीत. तासभर वर्गाबाहेर ठेवणं, तेही इतर मुलांसमोर, याला मानसिक त्रास म्हणता येतं, आणि त्याबद्दल सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. कलम २४ शिक्षकाची कर्तव्यं सांगतं. प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पाहून लागेल तिथे जादा शिकवणं हे त्यातलंच एक. म्हणजे ज्या मुलीला सातचा पाढा येत नाही, तिने त्या तासाला वर्गात असण्याची कायद्याला सर्वांत जास्त गरज वाटते. कलम २९ मुलाला भीतीपासून मुक्त ठेवून शिकवा म्हणतं.

तुमचे सासरे यावर काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. मीही तिसापर्यंतचे पाढे अंगठे धरून पाठ केलेत. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी सोपी संख्यावाचनाची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला! गणित सोपं केलं की ते कच्चं राहतं, अशी आपली जुनी समजूत आहे. असो. समजूत काहीही असली तरी बाहेर काढण्याची मुभा कायदा देत नाही.

आता मैदान. तमिळनाडूतल्या कुंभकोणमला २००४ मध्ये शाळेला आग लागून नव्वदहून अधिक मुलं गेली. त्या प्रकरणावरून आलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली स्पष्ट केलं, की शिक्षणाच्या मूलभूत हक्कात सुरक्षित शाळेचा हक्कही येतो. त्याआधी १९९५ मध्ये सहलीला गेलेली १४ मुलं बियास नदीत बुडाली होती. तिथे शिक्षकांच्या निष्काळजीपणासाठी प्रत्येक कुटुंबाला पाच लाख रुपये भरपाई कायम झाली. तुमचं प्रकरण सुदैवाने एवढं मोठं नाही, पण तत्त्व तेच : शाळेच्या वेळेत मूल शाळेच्या ताब्यात असतं. आठ वर्षांच्या मुलीकडून मोठ्या माणसाइतक्या सावधपणाची अपेक्षा न्यायालय करत नाही.

नापास करण्याची धमकी पोकळ आहे. तिसरीत कोणाला मागे ठेवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यांना मागे ठेवण्याची जी मुभा मिळाली ती फक्त पाचवी आणि आठवीपुरती आहे. शाळेतून काढून टाकायला कलम १६ची सरळ मनाई आहे. दाखला पालकांनी मागितला तर शाळेने द्यायचा असतो, शाळेला नकोशा मुलाच्या हातात ठेवायचा नसतो.

खर्चाचा मार्ग वेगळा आहे आणि मला वाटतं तुम्ही तिथूनच सुरुवात करावी. राज्य शासनाची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान योजना पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. अपघातामुळे शस्त्रक्रिया करावी लागली तर प्रत्यक्ष झालेला खर्च, जास्तीत जास्त एक लाखापर्यंत, त्यातून मिळू शकतो. चूक कोणाची हे इथे सिद्ध करावं लागत नाही. प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत जातो, आणि खरी मेख तिथे आहे. प्रस्ताव पाठवायचा तर अपघात शाळेत झाला हे लिहावं लागतं. तेच टाळायला तर तो टाईप केलेला कागद आला असावा. म्हणून अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. डिस्चार्ज कार्ड, सगळी बिलं, एक्स-रे, शस्त्रक्रियेचा डॉक्टरांचा दाखला यांच्या मूळ प्रती घरी ठेवा.

पण त्याच्याही आधी, हे वाचून झाल्याबरोबर, त्या शिडीचे फोटो काढा. पायरी आता रातोरात बदलली जाईल. बदलायलाच हवी, पण फोटो आधी हवेत. बाहेर काढलेल्या दोन मुलांच्या पालकांना भेटा. मुलीला काही पढवू नका. ती जे सांगते ते तिच्याच शब्दांत तारीख घालून वहीत लिहून ठेवा. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, तेव्हा तिथे ओळखीचं कोणी नक्की असेल. मागच्या सभांच्या इतिवृत्तात घसरगुंडीचा विषय निघाला होता का, पाहायला सांगा. निघाला असेल तर शाळेला धोका माहीत होता, एवढं ठरायला ते पान पुरेसं आहे. दाखवत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

शिक्षेची आणि मैदानाची एकत्र तक्रार शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली जिल्हा परिषदेकडे करा. निर्णयाला तीन महिन्यांची मुदत आहे, समाधान झालं नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. ग्राहक आयोगात जा असं कोणी सांगेल. तिथे जाऊ नका, मोफत सेवा त्या कायद्यात बसत नाही.

पोलिसांत जायचं का? हाड मोडणं भारतीय न्याय संहितेत ‘गंभीर दुखापत’ आहे, आणि निष्काळजीपणाने ती घडवली तर कलम १२५ लागू शकतं. बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ चाही, म्हणजे मुलांशी क्रूर वागण्याबद्दलच्या कलमाचाही, विचार होईल. त्याच कायद्यातलं शारीरिक शिक्षेचं कलम ८२ मात्र बालगृहांसारख्या संस्थांसाठी आहे, शाळेसाठी नव्हे. अनेक तक्रारींत ते चुकून घातलेलं मी पाहिलंय. हा मार्ग तुम्हाला खुला आहेच. तरी दोनशिक्षकी शाळा, धाकट्याचा प्रवेश आणि मुलीला रोज त्याच वर्गात बसायचंय हे पाहता, माझं मत आधी कलम ३२ची तक्रार असं आहे. धमक्या आल्या किंवा प्रस्ताव दाबून ठेवला, तर मात्र थांबू नका.

भरपाईचा दिवाणी दावाही होतो. जिल्हा परिषदेविरुद्धच्या दाव्याला आधी नोटीस द्यावी लागते, म्हणून वेळ घालवू नका. वकिलाच्या फीची चिंता असेल तर तालुका न्यायालयात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. स्त्रिया आणि मुलांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जाताना तो सही न केलेला कागद बरोबर न्या. मुख्याध्यापकांनी तो तुमच्याकडेच ठेवला असेल तर फाडू नका.