पडद्यावर दाखवलेले हसू हे डॉक्टरांचे वचन ठरते का?

आपली अडचण थोडक्यात अशी : अपघातात वरचे पुढचे दोन दात गेले, दंतवैद्यांनी फोटो व स्कॅनवरून संगणकावर आपले भावी हसू तयार करून ‘असेच दिसेल’ या शब्दांसह व्हॉट्सॲपवर पाठवले, आपण 1 लाख 80 हजार रुपये भरले. प्रत्यक्षात हिरडी वर सरकलेली आणि कॅप लांब दिसत असताना, ‘तो केवळ अंदाज होता’ असे डॉक्टर आता म्हणतात.

सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या प्रकरणात मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली, त्यामुळे तक्रारीचा मार्ग आपल्याला खुला आहे. मात्र परिणाम मनासारखा नाही म्हणजे हलगर्जी झालीच, असे न्यायालये मानत नाहीत. इम्प्लांट म्हणजे कॅपला आधार देण्यासाठी जबड्याच्या हाडात बसवलेले कृत्रिम मूळ; त्याभोवतीच्या हिरडीची पातळी बरीचशी हिरडीच्या आतील हाडावर अवलंबून असते आणि अपघातात तेच हाड झिजलेले असेल, तर संगणकावर हिरडीची रेघ कितीही सुंदर ओढली तरी ती तोंडात उतरेलच असे नाही. म्हणून माझ्या मते खरा प्रश्न चित्र चुकले का हा नसून, ते दाखवताना ही मर्यादा आपल्याला सांगितली होती का, हा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या समीरा कोहली निकालानुसार उपचाराचे स्वरूप, धोके व पर्याय पुरेसे समजावून घेतलेली संमतीच वैध ठरते. ‘अंदाज’ हा शब्द पैसे घेण्यापूर्वी उच्चारला गेला असता, तर हा वाद कदाचित उद्भवलाच नसता!

त्यामुळे संमतिपत्र, मूळ डिझाइनची फाइल, तोंडात लावून पाहिलेल्या नमुन्याचे फोटो आणि शस्त्रक्रियेपूर्वीचा सीबीसीटी स्कॅन (जबड्याच्या हाडाचा त्रिमितीय एक्स-रे) यांच्या प्रती लेखी पत्राने मागा. असा स्कॅन न काढताच डिझाइन दाखवले असेल, तर आपली बाजू बळकट होते. उलट हाड वाढवण्याचा सल्ला आपण खर्चामुळे नाकारल्याची नोंद असेल, तर ती आपल्याविरुद्ध जाईल, हे मला आताच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. कागद मिळाले नाहीत तर ते हजर करण्याचा आदेश ग्राहक आयोग देऊ शकतो.

कॅप बदलण्याची घाई करू नका. आधी दुसऱ्या कृत्रिम दंतरोपण तज्ज्ञाकडून तपासणी करून फोटोंसह लेखी मत घ्या, कारण कॅप निघाली की मुख्य पुरावाच तोंडातून निघून जातो. व्हॉट्सॲपचा मूळ संदेश असलेला फोनही जपून ठेवा.

त्यानंतर डॉक्टरांना नोटीस पाठवावी; पुनरुपचार किंवा परतावा यावर सन्मानाने तडजोड होत असेल तर ती स्वीकारण्यात कमीपणा नाही. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार आपण राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. मोबदला 5 लाखांच्या आत असल्याने तक्रारीचे शुल्क लागत नाही. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. ती कॅप बसवल्याच्या तारखेपासूनच मोजून चाला. तडजोडीच्या बोलण्यांत ती थांबत नाही.